वावडी आणि विजेची घंटी

गोपीनाथ भोइराच्या हातात वावडीची दोरी असताना ती हिसकली, असं म्हणणारा माणूस खाडीकाठच्या पाड्यांत तोवर जन्माला आला नव्हता. तो कल्याणात जन्मला, रावबहादूर झाला, आणि सन अठराशे नव्व्याण्णवच्या माघात एका रविवारी, शहाडच्या नदीकाठी मांडव घालून, लोडाला टेकून, तीनशे माणसांच्या देखत त्यानं ते म्हटलं. त्यानं आयुष्यात कधी साधी पतंगाची दोरीसुद्धा बोटाला गुंडाळली नव्हती. पण बोलायला हक्क लागतो तो हाताचा थोडाच? मांडवात पुढची जागा मिळाली की पुरतं.

वावडी म्हणजे काही पोरांचा पतंग नव्हे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळ दिलेला मांजरपाट, उंची पुरुषाच्या डोक्यावर हातभर, आणि वर चढली की एकट्या माणसाला घसपटत नेईल अशी ओढ. तिच्या माथ्याला ताडाच्या पानाची पट्टी ताणून बांधतात. वाऱ्यात ती पट्टी घुमते आणि ते घुमणं मैलभर ऐकू जातं. खाली दोरी धरणाऱ्यानं जरा जरी हिसका दिला तर घुमणं तुटतं, आणि ते कुणापासून लपत नाही.

गोपीनाथच्या पाड्यावर माघी पुनवेला गावाची वावडी चढायची. दिवस कलल्यापासून मावळेपर्यंत घुमणं तुटू द्यायचं नाही, असा रिवाज. अखंड घुमलं तर मिठागरं भरभरून पिकतात, असं जुनी माणसं म्हणत. पिकत की नाही ते मीठ जाणे, पण ती दोरी हातात येणं हा पाड्यातला सगळ्यात मोठा मान होता. दोरी वर्षभर आवडाबाईच्या घरी आढ्याला टांगलेली असे. आवडाबाई पाड्यातली सगळ्यात जाणती बाई, आणि दोरी कुणाला द्यायची त्यात तिचा शब्द शेवटचा. सात वर्षं तिनं ती गोपीनाथच्या हातात दिली होती. त्याआधी वीस वर्षं त्याच्या बापाच्या.

असला हात त्र्यंबक सोवनी मास्तरांना हवा होता. मास्तर कल्याणच्या इंग्रजी शाळेत सृष्टिशास्त्र शिकवत. विलायती मासिकं वाचून वाचून त्यांना बिनतारी विजेचं वेड लागलं होतं. जमिनीवर कळ दाबावी, मध्ये तार नाही, काही नाही, आणि आभाळात उडणाऱ्या वस्तूनं हुकूम पाळावा, एवढं त्यांना करून दाखवायचं होतं. साहेबाच्या देशात अजून कुणी केलं नाही, ते कल्याणात करायचं. हेतू चांगला होता, माणूसही वाईट नव्हता. पण चांगल्या माणसांचा राग जास्त येतो, कारण त्यांच्याकडून अपेक्षा असते.

मास्तरांची खटपट अशी होती. वावडीच्या पाठीवर एक हलकी पेटी. पेटीत बोटाएवढी काचेची नळी, नळीत लोखंडाचा कीस. खाली मास्तर कळ दाबत, तेव्हा दोन पितळी गोळ्यांमध्ये कडकन ठिणगी उडे. त्या ठिणगीची लहर वर जाई, वावडीला लोंबणाऱ्या तांब्याच्या तारेला लागे, नळीतला कीस एकमेकाला चिकटे, त्यातून वीज वाहे आणि एक अडणी, म्हणजे छोटी खिटी, सुटे. अडणी सुटली की गुलालाची पुडी खाली पडे, फुटे, आणि आभाळात लाल ढग दिसे.

"ही नळी फार भोळी आहे, बरं का गोपीनाथ," मास्तरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "ठिणगी कुणाची, हे तिला कळत नाही. कोणतीही ठिणगी उडाली की ती पुडी सोडणार. म्हणून तर आपण माघ निवडला. आभाळात वीज नाही, ढग नाही. आणि जमिनीवर म्हणशील, तर अख्ख्या तालुक्यात ठिणगी पाडणारा मी एकटाच."

शेवटचं वाक्य बोलताना मास्तरांची मान जरा ताठ झाली होती. सगळा घोटाळा त्या ताठ मानेत होता, पण तो तेव्हा कुणाला दिसणार?

मानपाड्याच्या माळावर त्यांनी गोपीनाथच्या घरच्या वावडीवर अकरा वेळा करून पाहिलं. अकराही वेळा मास्तरांनी कळ दाबली आणि पुडी सुटली. गोपीनाथला कीस, लहर, अडणी यातलं निम्मं कळत होतं, पण एक मात्र पुरतं कळलं होतं, की वावडी स्थिर नसेल तर लोंबती तार दोरीत गुंतते आणि सगळं मुसळ केरात. त्यामुळे त्यानं हात असा धरला, की मास्तर घड्याळ बघत म्हणाले, "अर्धा तास झाला, तिचं घुमणं एकदासुद्धा बदललं नाही रे." गोपीनाथ नुसता हसला. त्यात काय सांगायचं?

मग मास्तरांनी प्रयोग लोकांना दाखवायचं ठरवलं आणि शाळेचे अध्यक्ष म्हणून रावबहादूर श्रीपादराव यांना बोलावलं.

रावबहादुरांकडे मुंबईहून मागवलेली विजेची घंटी होती. कल्याणात तशी दुसरी नव्हती, आणि हे लोकांनी विसरू नये म्हणून रावबहादूर जातील तिथे ती जायची. कीर्तनाला जायची, लग्नाला जायची, एकदा तर कुणाच्या तेराव्यालाही गेली होती. गोविंदा नावाचा त्यांचा पट्टेवाला बॅटरीच्या बरण्या टोपलीत घालून डोक्यावरून वाहायचा. बसल्या जागी रावबहादुरांच्या हाताशी बटण ठेवायचं, तिथून तार काढून बांबूंवरून मुदपाकाच्या राहुटीपर्यंत न्यायची, आणि घंटी तिथे टांगायची. रावबहादुरांनी बटण दाबलं की राहुटीत घंटी वाजायची आणि गोविंदानं तबक घेऊन पळत यायचं. हाक मारली असती तर गोविंदाला अधिक लवकर ऐकू गेलं असतं. पण हाक काय कुणीही मारतं.

त्या रविवारी वारा खाडीकडून होता. गोपीनाथ मांडवाच्या पश्चिमेला दोनशे पावलांवर उभा. वावडी घुमत घुमत चढली आणि पूर्ण दोरीवर गेली तेव्हा बरोबर मांडवाच्या माथ्यावर आली. मास्तर बाजूला आपल्या पितळी गोळ्यांपाशी. रावबहादुरांनी बसल्या जागेवरूनच भाषण सुरू केलं. त्यांनी "आता" म्हणायचं, मग मास्तरांनी कळ दाबायची, असं ठरलं होतं.

भाषण निम्म्यावर आलं आणि आभाळात गुलाल फुटला.

कुणी कळ दाबली नव्हती. मास्तरांचा हात कळीपासून वीतभर लांब होता. माणसं हसली. रावबहादुरांचं वाक्य अर्धवट राहिलं, ते त्यांना मुळीच रुचलं नाही. गोपीनाथनं वावडी उतरवली, मास्तरांनी नळीवर टिचकी मारून कीस मोकळा केला, दुसरी पुडी लावली, वावडी परत चढली. भाषण परत सुरू झालं. आणि पुन्हा तेच. भाषण संपायच्या आत पुडी सुटली, गुलाल नदीकाठी डुंबणाऱ्या म्हशींवर पडला, आणि तीनशे माणसं पोट धरून हसली.

"मास्तर," रावबहादूर लोडाला टेकत म्हणाले, "बिनतारी कसली घेऊन बसलात! तुमचा हा पतंगवाला दोरीला हिसके देतोय. हिसका बसला की पुडी पडते. एवढं शाळेतल्या पोरालाही कळेल."

गोपीनाथनं ते ऐकलं. त्याला वाटलं, आता मास्तर बोलतील. वरती वावडी घुमत होती, अजूनही, एका सुरात. तुटलं असतं तर तीनशे माणसांनी ऐकलं असतं. ज्याला कान आहेत त्याच्यासाठी साक्ष आभाळात टांगलेली होती, आणखी काय पाहिजे होतं?

मास्तरांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. रावबहादुरांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसं असेल. हात हिसकला असेल त्याचा. अडाणी माणूस, त्याला यंत्राच्या नाजूकपणाची काय कल्पना?"

गोपीनाथच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण हातात दोरी होती. दोरी हातात असताना भांडायचं नसतं, हे त्याला बापानं शिकवलं होतं. त्यानं वावडी उतरवली, दोरी गुंडाळली आणि चालू लागला.

रावबहादुरांनी मागून फर्मावलं, की पुढच्या रविवारी मास्तरांनी पुन्हा करून दाखवावं, आणि पतंगवाल्याचे कान धरून आणावेत.

बातमी त्याच्याआधी पाड्यावर पोचली होती. असल्या बातमीला पाय नसतात पण ती पोचते मात्र पहिली. संध्याकाळी आवडाबाई त्याच्या ओट्यावर येऊन बसली. त्याची बायको सगुणा दारात उभी होती.

"पोरा," आवडाबाई म्हणाली, "तुझा हात हलला आसं मी बोलत नाय. तुझा हात मना ठाव हाय. पन कल्यानची मानसा बोलतान, बाजारात बोलतान. गावाच्या दोरीवर असला बोल घेऊन पुनवेला कसा उभा रव्हशील तू?"

"मी काय करू मंग?"

"चारचौघांत बोलला तो. चारचौघांतच कुनीतरी बोलाया पायजे, का गोपीनाथचा हात नाय हलला. आयतवारी आमी सगली येऊ शहाडला. बोलला कुनी, त दोरी तुझी. नाय बोलला, त पुनवेला दुसरा बघू."

पुनव मंगळवारी होती. म्हणजे रविवार चुकला की सगळं गेलंच. ती गेल्यावर गोपीनाथ सगुणाला म्हणाला, "माज्या बापाची वीस वरसं आन् माजी सात. एका लोडाला टेकलेल्या मानसानं पुसून टाकली."

"तुमचा हात नाय हलला," सगुणा म्हणाली, "मंग पुडी कुनी पाडली? त्ये शोधा आदी. रडाया मागाहून बसा."

बायकोचं बोलणं झोंबलं, पण त्यात मुद्दा होता. गोपीनाथ डोळे मिटून बसला आणि त्यानं तो दिवस परत नजरेसमोर आणला. मिठागरात काम करणाऱ्याला असं बघायची सवय असते. मिठाच्या कोणत्या खाच्यात पाणी कधी आटून जाड झालं, कुठला बांध कधी पाझरला, हे आठवणीत ठेवावं लागतं. वावडी वर. मांडव खाली. रावबहादूर बोलतायत. पुडी सुटली. आणि पुडी सुटली त्याच क्षणी मुदपाकाच्या राहुटीतून गोविंदा पाण्याचं तबक घेऊन पळत निघाला. दुसऱ्या वेळी? पुडी सुटली आणि गोविंदा विड्याचं तबक घेऊन पळाला.

दुसऱ्या दिवशी तो चालत कल्याणला गेला आणि शाळा सुटल्यावर मास्तरांसमोर उभा राहिला.

"मास्तर, पुडी सुटली तवा पट्टेवाला पलाला. दोनी येलंला. त्यो कनाला पलतो?"

"कशाला म्हणजे? रावबहादूर घंटी दाबतात म्हणून..." मास्तर बोलता बोलता थांबले. हातातली काचेची नळी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. "अरे देवा. घंटीचा ठोका वर-खाली होतो ना, तो दर वेळी ठिणगी टाकतो. बारीकशी, पण ठिणगीच. आणि ती लांबलचक तार बांबूंवर! तिनं लहर चांगली पसरवली. आणि वावडी तिच्या माथ्यावर!" मग ते खुर्चीत बसले. "मीच म्हणालो होतो, अख्ख्या तालुक्यात ठिणगी पाडणारा मी एकटा. समोर घंटी वाजत होती आणि मला ती ऐकू आली नाही, कारण ती रावबहादुरांची होती."

"मंग चला. त्यांना सांगू, घंटी घरी ठेवा."

मास्तर खुर्चीत मागे सरले.

"रावबहादुरांना? अरे, ते शाळेचे अध्यक्ष. घंटी आणू नका म्हणायचं म्हणजे..."

"माजा हात हलला, हे बोलाया जीभ उचलली तुमची. मानसं व्हती तीनशे. आन् त्यांची घंटी वाजली, हे बोलाया उचलत नाय?"

मास्तरांनी टेबलावरची नळी उगाच पुसली. मग ते म्हणाले, "तू थोडा धीर धर. घंटीचा बंदोबस्त आपण गुपचूप करू. मग रविवारी प्रयोग यशस्वी होईल, आणि तुझा दोष नव्हता हे आपोआप सिद्ध होईल."

आपोआप! शिकलेली माणसं हा शब्द फार वापरतात. जे करायला छातीत धमक लागते ते आपोआप व्हावं, अशी त्यांची इच्छा असते. गोपीनाथला ते पटलं नाही, पण दुसरा मार्ग दिसेना.

बंदोबस्त कसा करायचा ते मास्तरांनी सांगितलं. घंटी आणि बरण्या पत्र्याच्या डब्याखाली झाकायच्या, म्हणजे लहर बाहेर पडणार नाही. पण डब्यावरची वीज जमिनीत जिरली पाहिजे, तर उपयोग. आणि शहाडची जमीन माघात कोरडी ठणठणीत. मास्तर तिथेच अडले. गोपीनाथ अडला नाही. मिठागराची जमीन कधी वाळत नाही, हे त्याच्या हाडात होतं. रविवारी पहाटे त्यानं मिठागरातल्या जाड पाण्याचे दोन हंडे कावडीनं शहाडला आणले, राहुटीच्या मागे हातभर खड्डा खणून त्यात ओतले, आणि डब्याला बांधलेली तार त्या खाऱ्या चिखलात पुरली. बटणापासूनची तार बांबूंवरून उतरवून, त्याच पाण्यात भिजवलेल्या गोणपाटांखाली जमिनीवर घातली. गोविंदा हे सगळं बघत होता. रोज डोक्यावर बरण्या वाहून त्याच्या मानेला आवाळू आलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मी काय पाहिलेलं नाय."

लोक यायच्या आत त्यांनी वावडी चढवून पाहिली. गोविंदानं वीस वेळा घंटी वाजवली. पुडी जागची हलली नाही. मास्तरांनी कळ दाबली, पुडी सुटली. मास्तर आनंदानं लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. त्या घटकेपुरता गोपीनाथही त्यांच्यावरचा राग विसरला.

दुपारी मांडव भरला. मागच्या खेपेपेक्षा माणसं जास्तच होती, कारण फजिती पाहायला मिळेल असा बोभाटा झाला होता. पाड्यावरची मंडळी एका कडेला उभी राहिली, पुढे आवडाबाई, शेजारी सगुणा. रावबहादुरांनी भाषण सुरू केलं. भाषणात तीनदा घंटी दाबली. पाणी आलं, विडा आला, पुन्हा पाणी आलं. वावडी वरती एका सुरात घुमत राहिली. शेवटी त्यांनी "आता" म्हटलं, मास्तरांनी कळ दाबली, आणि निळ्या आभाळात गुलालाचा ढग फुटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांच्या गळ्यात हार पडला. रावबहादूर हसत हसत म्हणाले, "पाहिलंत ना? मागच्या रविवारी मी कान उपटले, म्हणून आज पतंगवाल्याचा हात सरळ राहिला! ह्या लोकांना जरा दटावलं की कामं बरोबर होतात."

मांडव हसला. आणि मास्तर? मास्तर हार सावरत उभे राहिले. मान हलवली, की हलल्यासारखी झाली, देव जाणे. पण तोंड उघडलं नाही.

आता नीट बघा काय झालं ते. प्रयोग फसला तेव्हा दोष गोपीनाथचा. प्रयोग साधला तेव्हाही गोपीनाथचाच दोष सिद्ध झाला, कारण आज हात सरळ राहिला म्हणजे त्या दिवशी वाकडा होता. त्यानं खांद्यावरून खारं पाणी वाहिलं, खड्डा खणला, गोणपाटं भिजवली, ते सगळं त्याच्याच नावाला काळं फासायच्या कामी आलं. असं उफराटं गणित फक्त लोडाला टेकूनच मांडता येतं. गोपीनाथचे कान तापले, डोळ्यांपुढे लाल दिसायला लागलं, आणि ते गुलालामुळे नव्हतं.

त्यानं वावडी उतरवली. पेटीवर टिचकी मारली, मास्तरांना शंभरदा बघून शिकला होता तशी. राखून ठेवलेली दुसरी पुडी लावली. मग सगुणाकडे पाहिलं आणि राहुटीच्या दिशेनं हनुवटी हलवली. पहाटेचा बंदोबस्त तिला ठाऊक होता, अधिक सांगावं लागलं नाही. ती राहुटीमागे गेली, पत्र्याचा डबा उचलून बाजूला टाकला, आणि गोणपाटांखालची तार काढून परत बांबूंवर चढवली. गोविंदा आभाळाकडे बघत उभा राहिला.

वावडी चढली. लोक निघायच्या बेतात होते ते थांबले. पूर्ण दोरी सुटल्यावर गोपीनाथनं ती तिथल्या बाभळीच्या बुंध्याला तीन वेढे देऊन बांधली, गाठ मारली, आणि दोन्ही हात डोक्यावर उंच धरून, तळवे लोकांकडे करून, चालत मांडवासमोर आला. दोनशे पावलं तो तसाच चालला. मांडवातली कुजबुज थांबली.

"माजे हात हितं हायेत," तो म्हणाला. "समद्यांनी बघून घ्या. दोरी बाभलीला हाय. बाभल हिसका देत नाय. रावबहादूर, तुमाला तहान लागली आसंल. घंटी दाबा."

"काय म्हणालास?"

"घंटी दाबा. त्या दिशी दाबलीत तशी."

रावबहादुरांचा चेहरा फुलला, पण रागानं. एक मिठागरातला माणूस, अंगात बंडी, पायात काही नाही, आणि भर सभेत त्यांना हुकूम करतो! "मास्तर, ह्याला आवरा. गोविंदा! अरे गोविंदा! ह्याला धक्के मारून बाहेर काढ!" गोविंदा जागचा हलला नाही. हाक ऐकायची त्याला सवय कुठे होती? तेव्हा रावबहादुरांनी संतापून बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला.

राहुटीत घंटी खणखणली. आणि आभाळात गुलाल फुटला.

कुणी हसलं नाही. लाल ढग वाऱ्यावर पांगत गेला आणि वावडी घुमत राहिली, बाभळीच्या भरवशावर, एका सुरात. माणसं एकदा वर बघत होती, एकदा रावबहादुरांच्या अंगठ्याकडे.

"त्या दिशी पुडी तुमी पाडलीत," गोपीनाथ म्हणाला. "दोनी येलंला. पानी मागवलंत तवा येकदा, विडा मागवलात तवा येकदा."

रावबहादुरांनी अंगठा काढला. मिनिटभर ते गोंधळलेले दिसले. पण अशा माणसांना सावरायला मिनिट पुष्कळ होतं. ते हसले. "वा! म्हणजे मास्तर, यंत्र आमच्या बोटानंही चालतं म्हणायचं! पाहिलंत मंडळी?" मांडवातल्या पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्या रांगा कशालाही वाजवत.

गोपीनाथनं त्या टाळ्या संपू दिल्या. मग तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, मना त्यांच्याकडून काय नको. तुमच्याकडून पायजे. त्या दिशी जे बोललात ते लोकांसमोर बोललात."

मास्तर हाराशी चाळा करत होते. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष हसू चेहऱ्यावर ठेवून त्यांच्याकडे डोळे वटारत होते.

"दोष गोपीनाथचा नव्हता," मास्तर पुटपुटले.

"मोठ्यानं."

मास्तरांनी गळ्यातला हार काढला आणि खुर्चीवर ठेवला. "गोपीनाथचा हात हलला नव्हता!" आता त्यांचा आवाज नदीपर्यंत गेला. "घंटीची ठिणगी होती. मला ते समजायला हवं होतं, समजलं नाही. आणि समजल्यावरही मी भिऊन गप्प राहिलो. घंटीचा दोष शोधला तो त्यानंच, आणि आजचा बंदोबस्तही त्यानंच केला. मी खोटं बोललो."

आवडाबाईनं पाड्यावरच्या पुरुषांकडे वळून पाहिलं. "आयकलात ना रे समद्यांनी?" तिनं विचारलं. "मंगलवारी दोरी कुनाची, त्ये परत इचारू नका."

गोपीनाथ बाभळीकडे गेला. गाठ सोडली, वावडी हातोहात उतरवली, तिच्या पाठीवरची पेटी सोडवून आणली आणि ती मास्तरांच्या हातात जपून ठेवली, काच होती म्हणून. मास्तर काहीतरी बोलणार होते, पण त्यांना शब्द सापडला नाही.

रावबहादूर मात्र शब्दांना कधी अडत नसत. "हे बघ, झालं गेलं सोड," ते मोठेपणानं म्हणाले. "पुढच्या महिन्यात कलेक्टरसाहेब येतायत. तेव्हा वावडी घेऊन ये. आम्ही स्वतः कळ दाबू. तुझंही नाव सांगू साहेबांना."

गोपीनाथनं वावडी खांद्यावर घेतली. आठ दिवस छातीत कोंडलेलं सगळं आता मोकळं झालं होतं, आणि त्याला घाई नव्हती.

"वावडी माजी हाय," तो म्हणाला. "साहेब आला की तुमी तुमची घंटी उडवा."